आमच्याकडे बोन नसतो

जून लागला की आमच्या उरायासु स्टेशनात समुद्र येतो. तिकिटांच्या यंत्राशेजारी भिंतीला एक रॅक आहे, त्यात सहलींची रंगीत पत्रकं ठेवलेली असतात. मेपर्यंत त्यांच्यावर फुलं आणि डोंगर असतात. मग एके सकाळी बघावं तर सगळा रॅक निळा झालेला. बाहेर मात्र त्सुयु लागलेला असतो. त्सुयु म्हणजे इथला पावसाळा, पण आपल्यासारखा धो धो कोसळून मोकळा होणारा नव्हे. चाळणीतून पीठ पडावं तसा दिवस दिवस पडत राहतो. ओल्या छत्र्या सांभाळत माणसं त्या निळ्या कागदांसमोरून जातात, एखादं माणूस थांबून एक पत्रक उचलतं, पिशवीत टाकतं. मीही उचलते. तीस वर्षं होत आली. गुडघ्यांनी आता जिन्याला नकार दिलाय, पण ही सवय काही सुटत नाही.

माझी मुलगी मुक्ता हल्ली कोबेला असते. परवा तिचा मेसेज आला, ‘आई, ऑगस्टमध्ये समुद्रावर जाऊ या तिघं. मी बुक करते.’ मागोमाग चार हॉटेलांचे फोटो, ‘यातलं कोणतं?’ मी लिहिलं, विचार करून सांगते. त्यावर तिचं उत्तर जपानीत आलं. घाई असली की ती जपानीत जाते. ‘यात विचार काय करायचाय?’

खरंच, काय करायचाय! पण चार दिवसांच्या एका सुट्टीचा मी एकदा दोन महिने विचार केला होता. तेव्हा मुक्ता चार वर्षांची होती आणि तिच्या अंगावरच्या कांजिण्यांच्या खपल्या नुकत्या पडून गेल्या होत्या. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. त्या उन्हाळ्याची आठवण आली की मला आधी दमायलाच होतं, मग बाकीचं आठवतं.

त्या वर्षी वैशाखात माझे वडील गेले. देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर आमचं गाव. पहाटे गेले, सकाळी दादाचा फोन आला. ‘बाबा गेले गं. तू धावपळ करू नकोस. तू येईपर्यंत इथलं सगळं आटोपलेलं असेल.’ मुक्ता तापानं फणफणलेली, अंगभर फोड. तिला घेऊन विमानात कोण बसू देणार? आणि तिला सोडून जायचं तर कोणापाशी? मुंबईपर्यंत एक दिवस, पुढे रात्रभराची एस.टी., म्हणजे दादाचं खरंच होतं. फोन ठेवल्यावर मी मुक्ताच्या अंगाला लोशन लावत बसले. तिच्या पाठीवर किती फोड होते ते मला अजून सांगता येईल.

दुपारी आईचा फोन आला. रडून रडून तिचा आवाज बसला होता. म्हणाली, ‘लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. तेवढं पाळ म्हणजे झालं.’ मी तीन दिवस पाळलं. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटाचा एक खण, त्याचं दार लावून ठेवलं. चौथ्या दिवशी उठून जळणारा कचरा आणि न जळणारा कचरा वेगळा करून खाली ठेवून आले. संपलं. जन्मापासूनचे माझे बाबा तीन दिवसांत आटपले.

माझा नवरा मोहन तेव्हा टोकियोत एका बँकेच्या कॉम्प्युटरच्या कामावर होता. पुण्यातल्या कंपनीनं पाठवलेला, वर्षाच्या बोलीवर आलेला आणि चौथं वर्ष काढत असलेला. त्या सकाळी फोन आला तेव्हा तो टाय बांधत होता. माझ्याजवळ बसला, हात हातात घेतला. थोड्या वेळानं त्याची नजर घड्याळाकडे गेली. ती गेलेली मी पाहिली, आणि मी पाहिलेलं त्यानंही पाहिलं. मग तो गेला. त्यानं ऑफिसात कुणाला काही सांगितलं नाही. दोनतीन दिवसांनी मी विचारलं तर म्हणाला, ‘अगं, सांगून काय करू? ते लोक उगाच फॉर्मल होतात. लीव्ह देतील, पण आपण जाणार थोडेच आहोत?’ मी म्हटलं, ‘बरं.’

ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं ‘बरं’ त्याला कळलं नाही असं मी धरून चालले, आणि ती अढी मनात ठेवून कामाला लागले. अढी ठेवायला फार कष्ट पडतात असं नाही. ती आपली आपण राहते, लोणच्यासारखी मुरते.

मग त्सुयु लागला. घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत घातलेले, तेही वाळायचे नाहीत. मोहनच्या शर्टांना कुबट वास यायचा. कपाटातल्या माझ्या कांजीवरमवर बुरशीचे पांढरे ठिपके आले. मुक्ता अजून शाळेत जायच्या अवस्थेत नव्हती, दिवसभर माझ्या पायांत. मी नुसती झोपून असायचे असं नाही, सगळं वेळच्या वेळी करायचे. पण करून झाल्यावर केलेलं आठवायचं नाही. मीठ घातलं का, हा एकच प्रश्न मी त्या महिन्यात शंभरदा स्वतःला विचारला असेन. शेजारच्या मात्सुदा-सान निवृत्त शिक्षिका होत्या. दारात भेटल्या की विचारायच्या, ‘दमलात का?’ इथे कुणी काम करून आलं की तसं म्हणायचीच पद्धत आहे. मी हसून म्हणायचे, ‘पावसामुळे.’

एका रविवारी मोहननं पिशवीतून पत्रकांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सगळी निळी. ‘ऑगस्टमध्ये चार दिवस जाऊ या,’ तो म्हणाला. ‘समुद्रावर. तुला जिथे पाहिजे तिथे. तू ठरव सगळं. मला फक्त गाडीत बसायचंय आणि झोपायचंय.’ एवढं बोलून तो तिथेच सोफ्यावर आडवा झाला आणि खरोखरच झोपला, पायातले मोजे तसेच. त्या काळात तो रविवारी असा झोपायचा की मुक्ता त्याच्या पोटावर बसून चित्रं काढायची.

मी पत्रकं उघडली. मला समुद्र ठरवायचा होता.

समुद्र तर आमच्या दारातही होता. उरायासु म्हणजे खाडीत भराव घालून केलेलं गाव. दहा मिनिटं चाललं की काँक्रीटची भिंत, भिंतीपलीकडे करडं पाणी, पलीकडे क्रेन. जपानला निघताना बाबांनी मला एकच प्रश्न विचारला होता. पगार किती, घर केवढं, हे सगळे बाकीच्यांचे प्रश्न. बाबांनी विचारलं, ‘तुझ्या त्या गावात सूर्य कुठे मावळतो?’ पहिल्या वर्षी मी पत्रात कळवलं होतं, इथे समुद्र चुकीच्या बाजूला आहे, सूर्य इमारतींमागे जातो. त्यांचं उत्तर आलं, ‘मग संध्याकाळ झाली हे तुम्हाला कोण सांगतं?’

तेव्हा मला पश्चिमेचा समुद्र हवा होता. सूर्य पाण्यात बुडेल असा. बाबांना शेवटचं बघायला गेले नाही, निदान त्या तऱ्हेच्या किनाऱ्यावर चार संध्याकाळी बसेन आणि जे काय आत अडकलंय ते तिथे सुटतं का बघेन, असं मी ठरवलं होतं. हे मोहनला सांगितलं नाही. त्याला म्हटलं, गर्दी नको, हॉटेलं नकोत.

नकाशा घेऊन मी मात्सुदा-सानकडे गेले. त्यांनी चष्मा लावला, टोकियोवरून बोट उचललं, मधले डोंगर ओलांडून पलीकडच्या कडेवर, निइगाताच्याही वर ठेवलं. ‘सासागावा नागारे,’ त्या म्हणाल्या. ‘लहानपणी एकदा गेले होते. पण तिथे काही नाही हं.’

‘काही नाही म्हणजे?’

‘खडक आहेत. पाइनची झाडं. एक रेल्वे. मीठ करणारी माणसं. बस.’

‘मला तेच हवंय,’ मी म्हटलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि चहा ओतला.

मग पुढचे तीन आठवडे मी त्या न पाहिलेल्या किनाऱ्यावर राहिले. दुसरा शब्द नाही त्याला. रेल्वेचं वेळापत्रक आणलं, टेलिफोनच्या डिरेक्टरीएवढं जाड. त्यातली बारीक अक्षरं लावत बसायचे. निइगातापर्यंत वेगाची गाडी, पुढे मुराकामीपर्यंत दुसरी, आणि मुराकामीहून दोन डब्यांची सावकाश जाणारी. ती डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाते. बोगदा, समुद्र, बोगदा, समुद्र. स्टेशनांवर माणूस नसतो. पत्रकातल्या एका फोटोत पाणी इतकं नितळ होतं की होडीची सावली खालच्या वाळूवर पडली होती. एका फोटोत मधोमध भोक पडलेला मोठा खडक, त्या भोकातून दिसणारं संध्याकाळचं आकाश. कुठे झोपाळे नाहीत, टपऱ्या नाहीत, किनाऱ्यावर रंगीत छत्र्यांची रांग नाही. मुक्ताला मांडीवर घेऊन मी तिला ते खडक दाखवायचे. ती जपानीत विचारायची, ‘इथे आजोबा राहतात?’ समुद्र म्हणजे आजोबांचं घर एवढंच तिला ठाऊक. तिला अजून काही सांगितलं नव्हतं. आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

एका खेड्यातल्या मिनशुकुचा पत्ता मात्सुदा-साननी मिळवून दिला. मिनशुकु म्हणजे कुणाच्या तरी घरातच उतरायचं, घरमालकीण रांधेल ते जेवायचं. कोळ्यांचं गाव, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मासळी. आणि नेमका त्याच आठवड्यात आईचा फोन आला. ‘यंदा श्रावण पाळ,’ ती म्हणाली. ‘एरवी नाही पाळलास कधी, पण यंदा बाबांसाठी पाळ. कांदा-लसूणसुद्धा नको.’ मला दिलेलं पहिलंच काम होतं ते. तीन दिवसांच्या सुतकानंतर माझ्या वाट्याला आलेलं एवढंच. मी लगेच ‘हो’ म्हटलं. फोन ठेवल्यावर कॅलेंडर पाहिलं तर आमचे चारही दिवस भर श्रावणात.

आता काय करायचं? घरमालकिणीला पत्र लिहायचं. मी माझ्या बाळबोध अक्षरात लिहिलं. आम्ही तिघं येऊ, तेरा ते सोळा ऑगस्ट. कृपया मांस नको, मासे नकोत, अंडं नको, माशाचं पाणीही नको, कांदा नको, लसूण नको. धर्माचं कारण आहे, आमच्या पंचांगातला महिना आहे, हे लिहायला मला जपानी येत नव्हतं, म्हणून लिहिलं, ‘या वर्षी आमच्या घरी असं आहे.’ मात्सुदा-साननी पत्र तपासलं. दोन अक्षरं सुधारली. शेवटच्या वाक्यावर त्यांची पेन्सिल थांबली. काही विचारतील असं वाटलं, पण त्यांनी पत्राची नीट घडी घातली आणि म्हणाल्या, ‘छान लिहिलंय.’

घरमालकिणीचं उत्तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात आलं, ब्रशच्या पेनानं लिहिलेलं. मला ते वाचता येईना. रविवारी सकाळी मोहन उठल्यावर त्याच्या हातात दिलं. तो चहा पीत मोठ्यानं मराठी करून वाचू लागला. ‘आपलं पत्र मिळालं. काळजी नसावी. बोनच्या दिवसांत आमच्या घरीही मासा शिजत नाही. घरची माणसं जेवतात तेच आपल्याला वाढीन. खोलीतून समुद्र दिसतो.’ आणि मग तो थांबला.

‘काय झालं?’

‘शेवटी लिहिलंय...’ त्यानं कप खाली ठेवला. ‘लिहिलंय, आपल्या घरी हा पहिला बोन असावा असं वाटतं. कुणाचा आहे?’

बोन म्हणजे इथला पितृपक्ष म्हणा. ऑगस्टच्या मध्यावर चार दिवस गेलेली माणसं आपल्या घरी परततात अशी समजूत. म्हणून जिवंत माणसंही आपापल्या गावी जातात, थडगी धुतात, दिवा लावतात. घरात मृत्यू झाल्यानंतरचा पहिला बोन सगळ्यांत मोठा. त्या वेळी घरात सामिष शिजत नाही. मासे नकोत, काहीच नको, ‘या वर्षी आमच्या घरी असं आहे.’ तिनं सरळ अर्थ लावला होता. मी श्रावणासाठी लिहिलं आणि तिनं सुतक वाचलं. चूक म्हणावी तर चूक. पण चारशे किलोमीटरवरची, मला कधी न पाहिलेली एक बाई विचारत होती, कोण गेलं?

दोन महिन्यांत मला हे कुणीही विचारलं नव्हतं.

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, ‘कळव तिला. लिही, माझे वडील.’ मोहन पत्राकडेच बघत होता. मग म्हणाला, ‘अगं, एक सांगायचं राहिलंय. बोनमध्ये मला लीव्ह मिळणार नाही.’

दुष्काळात तेरावा महिना तो हाच. बँकेचं काम मंदावतं तेव्हाच बँकेची मशिनं बदलता येतात, आणि काम मंदावतं बोनमध्ये. त्या वर्षी मोठा बदल होता. कुणीतरी चार दिवस तिथे राहायला हवं. विभागातली सगळी जपानी माणसं गावी जाणार, कुणाची आई, कुणाचं थडगं. त्यांचे प्रमुख कावागुची-सान यांनी जूनच्या अखेरीस यादी करताना मोहनला विचारलं होतं, अगदी सौम्यपणे, ‘मोहन-सान, तुमच्याकडे बोन नसतो ना?’

‘तू काय सांगितलंस?’

‘नसतो म्हटलं.’

मला भांडायची ताकदच नव्हती, आणि त्यालाही नव्हती. आम्ही दोघं दोन मोडक्या खुर्च्यांसारखे समोरासमोर बसून होतो. मुक्ता मध्ये बसून पत्रकातला समुद्र कात्रीनं कापत होती. शेवटी मी म्हटलं, ‘त्यांना आता सांग. असतो म्हण.’

‘आता? मेमध्ये गेले आणि आता जुलैत सांगू? ते म्हणतील, इतके दिवस लपवलंत का? इथे असं चालत नाही गं. कुणाकडे झालं की सगळ्या सेक्शनला कळतं, सगळे येऊन बोलतात. मी नाही सांगितलं म्हणजे त्यांना त्यांचं करू दिलं नाही, असा अर्थ होतो.’

‘मग मे महिन्यात का नाही सांगितलंस?’

तो उठून दाढी करायला गेला.

मी ते पत्र फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं. जुलैच्या अखेरीपर्यंत तिला नक्की कळवायचं होतं. रोज सकाळी मोहन दूध काढायला फ्रिजपाशी जायचा, पत्रासमोर उभा राहायचा, दूध काढायचा. मी विचारायचे नाही. भात लावायचे, डबा भरायचे, त्याच्या हातात द्यायचे. एवढं मात्र मनाशी ठरवलं होतं की हा बोलला नाही तर मी कुठेच जाणार नाही. मुक्ताला घेऊन मी एकटी गेले असते, येत होतं मला ते तीन गाड्या बदलणं. पण मग ते बाबांचं राहिलं नसतं, माझा हट्ट झाला असता. मला समुद्रापेक्षाही ते एक वाक्य हवं होतं. त्याच्या तोंडून, त्या लोकांसमोर, माझे बाबा गेले असं.

त्सुयु संपला. इथे ते जाहीर करतात, रेडिओवर सांगतात आज पावसाळा संपला, आणि दुसऱ्या दिवसापासून झाडाझाडावर सिकाडे नावाचे किडे कर्कश ओरडायला लागतात. मी गाद्या, उशा, कांजीवरम, सगळं गॅलरीत टाकलं. उन्हात उभं राहून चक्कर आल्यासारखं व्हायचं. जुलैचा शेवटचा आठवडा उजाडला तेव्हा मी आशा सोडली होती. आशा सोडल्यावर माणूस जरा बरा झोपतो, हा माझा अनुभव.

त्या शनिवारी संध्याकाळी मोहन लवकर घरी आला. बूट न काढता दारातच उभा राहिला. ‘सांगितलं,’ म्हणाला.

‘काय म्हणाले?’

‘काहीच नाही. उभे राहिले. उद्या अकराला घरी येतायत.’

आमच्या घरी! कावागुची-सान! मी रागावले, घाबरले आणि घर पुसायला घेतलं. दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला दारावरची घंटा वाजली. उकाड्यात काळा सूट, काळा टाय, घामानं डबडबलेलं कपाळ, हातात कापडात बांधलेली उदबत्तीची पेटी. साठीकडे झुकलेला, केस विरळ झालेला साधा माणूस. दारात कमरेतून वाकून म्हणाला, ‘मी तो प्रश्न त्या शब्दांत विचारायला नको होता. तुमच्याकडे नसतो ना, असं विचारल्यावर माणूस दुसरं काय उत्तर देणार? चूक माझी.’ मोहन ‘नाही, नाही, मीच’ म्हणत आणखी खाली वाकला. दोघंही वाकलेले, आणि मी पाण्याचा पेला घेऊन मध्येच उभी.

मग त्यांनी विचारलं, ‘नमस्कार करू का? फोटो कुठे आहे?’

फोटो नव्हता. म्हणजे होता, पण अल्बमात, अल्बम कपाटावरच्या सुटकेसमध्ये. तीन महिन्यांत मी तो लावला नव्हता. लावला की हार घालावा लागेल, म्हणून लावला नव्हता. मी स्टुलावर चढले. त्यांचा एकट्याचा असा एकच फोटो हाताला लागला. बाबा गुडघाभर पाण्यात, धोतर खोचलेलं, फोटो काढणाऱ्याला कुठे उभं राहा ते ओरडून सांगतायत. जेवणाच्या टेबलावर तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला. कावागुची-सान जमिनीवर गुडघ्यांवर बसले, उदबत्ती लावली, हात जोडले. बराच वेळ जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, ‘कसे होते ते? सांगा ना.’

मी जपानीत सुरुवात केली. बाबा पोस्टात होते. मग माझं जपानी संपलं, मी मराठीत बोलू लागले आणि मोहन त्यांना सांगू लागला. गावातली पत्रं ते वाटायचे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवायचे, आणि वाईट बातमी असली की आधी दोन ओळी स्वतःच्या घालायचे. मला सायकल शिकवली ती वाळूत, पडलं तर लागू नये म्हणून. चिडले की बोलायचे नाहीत, सरळ विहिरीवर जाऊन गावभराच्या कळशा भरून द्यायचे. मी सांगत गेले. आणि केव्हातरी माझ्या लक्षात आलं, मोहनचा आवाज येत नाहीये.

तो खिडकीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते. आठ वर्षांच्या संसारात मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. ‘मला ते म्हणताच येईना गं,’ तो मराठीत म्हणाला. ‘मे महिन्यात रोज ठरवायचो. तोंडच उघडायचं नाही. मला वडील कुठे होते, तेच होते.’ मोहन सहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले होते. मला हे माहीत होतं. लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. आणि तीन महिने मी त्याच्याकडे एका घड्याळ बघणाऱ्या माणसासारखी बघत होते. मला स्वतःची फार लाज वाटली.

मग मीही रडले. पावसाळाभर न वाळलेलं सगळं एकदम. कावागुची-सान हलले नाहीत. मांड्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसून राहिले. त्यांना आमचा एक शब्द कळला नसेल. निघताना म्हणाले, ‘माझं गाव एका तासावर आहे. सकाळी थडगं धुवून मी दुपारी मशीनपाशी बसेन. तुम्ही जा.’

दुपारी मी मिनशुकुला फोन लावला. घरमालकिणीच्या आवाजामागे भांड्यांचा आवाज येत होता. मी सांगितलं, येतोय. ‘बरं झालं,’ ती म्हणाली. ‘कुणाचा बोन?’ ‘वडिलांचा,’ मी म्हटलं. ते वाक्य जपानीत फार सोपं होतं. ती म्हणाली, ‘अरेरे. मग चार ताटं लावते.’

मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. ‘नाही, आम्ही तिघंच आहोत.’

‘तुम्ही तिघं. आणि वडील. ते यायचेत ना एवढ्या लांबून?’

तिनं विचारलं, ‘त्यांना काय आवडायचं?’

आता काय सांगू? माझ्या बाबांनी जन्मात एकदाही श्रावण पाळला नव्हता. आई आत देवापुढे पोथी वाचायची आणि हे मागल्या दारी चूल मांडून खाडीतला मासा भाजत बसायचे, वर विचारायचे, देवानं खाडी काय फक्त आषाढापर्यंत केलीय का? हे सगळं तिला कसं सांगणार? ‘मासे,’ मी हळूच म्हटलं.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. मग ती म्हणाली, ‘आमच्या घरात त्या दिवशी मासा शिजत नाही.’

‘माहीत आहे. राहू दे.’

‘पण अंगण म्हणजे काही घर नव्हे. मीठ लावून बाहेर भाजते एक. वास आला तर तुम्ही आपलं लक्ष देऊ नका.’

‘एक नको,’ मी म्हटलं. ‘दोन भाजा. एकानं त्यांचं होत नाही.’